वायर काढताना बटण कोण दाबतं?

४ ऑक्टोबर

आत्या,

आधी वाकून नमस्कार, कारण पत्राच्या शेवटी काम आहे.

माझा पहिला ड्रायव्हर तयार झाला! काल दुपारी तुम्हा परीक्षकांच्या जाहीर ईमेल-यादीवर पाठवला, जिथे कोणीही वाचतं आणि कोणीही सोलून काढतं. म्हणजे तुझ्यासमोर आलाच असेल. खाली सही बघून हसू नकोस. तिथे माझं खरं नाव आहे, भोपळ्या नाही.

आईने विचारलं, एवढे महिने नेमकं केलंस तरी काय? तिला सांगितलं ते तुलाही सांगतो, म्हणजे मला किती कळलंय ते तुला कळेल. वॉर्डात प्रत्येक खाटेशी सलाईन थेंब थेंब सोडणारा पंप असतो. हे सगळे पंप वायरींनी सिस्टरच्या टेबलावरच्या संगणकाला जोडलेले असतात, म्हणजे तिला जागेवरून सगळ्या खाटा दिसतात. पंपाची भाषा वेगळी, आणि संगणकाच्या गाभ्यात बसलेल्या कर्नलची वेगळी. मधला दुभाषा म्हणजे माझा ड्रायव्हर. पंप जोडला की हा दुभाषा कर्नलकडून थोडी वीज, थोडी मेमरी आणि एक घंटा मागून घेतो. नळीत बुडबुडा आला किंवा पंपावरचं बटण कोणी दाबलं की घंटा वाजते. वायर काढली की घेतलेलं सगळं जिथल्या तिथे परत.

आई म्हणाली, "म्हणजे घरात तुला जे कधी जमलं नाही, त्याचा तिथे पगार घेतोस."

आता काम. कर्नलची नवी आवृत्ती निघायच्या बेतात आहे. दार बंद व्हायच्या आत माझा ड्रायव्हर आत गेला, तर आमच्या नव्या पंपाला हॉस्पिटलांत जागा आणि मला नोकरीत. मला कायम करायची फाईल आमच्या मुकादम बाईंच्या टेबलावर याच एका गोष्टीसाठी अडली आहे. (त्यांचा हुद्दा बराच मोठा आहे, पण आम्ही मुकादमच म्हणतो, आणि त्यांना ते आवडतं.) तेव्हा आत्या म्हणून लाड नकोत, परीक्षक म्हणून वाच. तुला काही सापडणार नाही, हे मी लिहून देतो.

बाबा रविवारी तुला फोन करत होते. नुसती घंटा वाजत राहिली म्हणे. होतीस कुठे?

तुझा,
भोपळ्या


७ ऑक्टोबर

भोपळ्या,

लाड मागितले नाहीस ते बरं केलंस, शिल्लक नव्हते.

मी ड्रायव्हर नेहमी खालून वर वाचते. सुरुवात सगळेच झोकात लिहितात. मेजवानीला झाडून सगळे हजर असतात, नंतर भांडी घासायला कोण थांबतं ते मला बघायचं असतं. तुझ्याकडे कोणी थांबलेलं नाही.

समज, पंप जोडला. वीज घेतलीस, मेमरी घेतलीस, घंटा मागितलीस, आणि कर्नल म्हणाला, नाही देत जा. अशा वेळी तू काय करतोस? मेमरी तेवढी परत देतोस आणि "जमलं नाही बुवा" म्हणून हात झटकून बाहेर पडतोस. आणि वीज? ती तशीच चालू. पंप बंद आहे असं संगणक म्हणणार, आणि आतून तो तापत राहणार. असं घडलेलं तुला कधी दिसलं नाही, कारण तुझ्या टेबलावर तुला कधी कोणी नाही म्हटलं नाही. लाडात वाढलेल्या पोरांचं असंच होतं.

उपाय तुला ठाऊक आहे: घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत द्यायचं, आणि जिथवर पोचलास तिथूनच मागे फिरायचं. आधी बूट निघतात, मग मोजे. असे तीन-चार मोजे तू बुटासकट काढायला गेला आहेस, जागा यादीवर दाखवल्या आहेत.

बाकी लेखन स्वच्छ आहे. उगाच हुशारी नाही, जे केलंय ते दिसतं. वाचताना छाती चांगली दोन बोटं फुगली. परीक्षक म्हणून मात्र नापास.

दादाला सांग, मी थोडे दिवस एका मैत्रिणीकडे आले आहे आणि फोन घरीच राहिला. जागा छान आहे. पलंगाची डोक्याकडची बाजू कळ दाबली की वरखाली होते, जेवण आयतं हातात मिळतं, फक्त मिठाशी इथे सगळ्यांचं वैर दिसतं. संगणक मांडीवर आहे, तेव्हा तुझी सुटका नाही.

आत्या


११ ऑक्टोबर

आत्या,

तुझी मैत्रीण भलतीच श्रीमंत दिसते! वरखाली होणारा पलंग आपल्या अख्ख्या खानदानात कोणाकडे नाही. ओळख करून दे.

तू दाखवलेलं सगळं दुरुस्त केलं आणि ड्रायव्हर पुन्हा पाठवला. एवढ्यावर थांबलो नाही. कर्नलला मुद्दाम हट्टी केलं. आधी वीज नाकारायला लावली, मग मेमरी, मग घंटा, मग सगळं देऊन अगदी शेवटच्या क्षणी तोंड फिरवायला लावलं. दर वेळी मागे वळून बघितलं. वीज बंद, मेमरी परत, काही सांडलं नाही, काही राहिलं नाही. आईला सांग हवं तर.

आणि एवढं केल्यावर यादीवर तुझी ती एक ओळ: "वायर काढल्यावर घंटा कोण परत करतं, आणि कधी?" मुकादम बाईंनी विचारलं, कोण ही खवचट बाई? मी म्हटलं, लांबची ओळख आहे.

उत्तर तिथे दिलंच आहे, इथे घरगुती भाषेत देतो. मेमरी मी स्वतः परत करतो. घंटा मात्र आपोआप परत जाणाऱ्या सामानात टाकली आहे. ही सोय कर्नलनेच दिली आहे, सगळे वापरतात. माझं आटोपलं की मागून कर्नल येऊन ती गोळा करतो. म्हणजे मेमरी आधी जाते आणि घंटा मागून, हे खरं. पण मधला वेळ किती? पापणी लवायच्या आतला. तेवढ्यात गोंधळ व्हायचा तर घंटेची एखादी हाक तेव्हा रांगेत उभी पाहिजे, म्हणजे ऐन वायर ओढताना कोणीतरी पंपावरचं बटण दाबलेलं पाहिजे. शहाणा माणूस वायर काढताना बटण दाबत नाही, आत्या!

तरी खात्री म्हणून मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा लांबट मित्र, दोघांनी अख्खी दुपार वायर काढ-घाल केली. भोक सैल झालं, मित्राच्या बोटाला फोड आला, संगणक ढिम्म. आता हो म्हणून टाक.

भोपळ्या


१३ ऑक्टोबर

भोपळ्या,

मित्राच्या बोटाला मलम लाव.

भाड्याचं घर सोडताना तू मालकाला किल्ली देऊन टाकलीस, पण दूधवाल्याला सांगितलं नाहीस. वर म्हणतोस, मालक सांगेल ना त्याला सवडीने. सांगेल. तोवर दूधवाला त्याच दारात उभा, आणि आत दुसरंच बिऱ्हाड. तुझ्या मेमरीचं असंच आहे. ती परत गेली की कर्नल ती दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा होतो. रांगेतली हाक तिथे जाऊन शिरली तर संगणक बसल्या जागी आडवा, आणि सिस्टरच्या टेबलावर सगळ्या खाटा एकदम दिसेनाशा.

ऐन वेळी बटण दाबणारा माणूस मला दाखवता येत नाही, हे कबूल. पण "असं कोणी करत नाही" याचा अर्थ एवढाच की करणारा तुला अजून भेटला नाही. बदल चिमूटभर आहे. घंटाही स्वतःच्या हाताने परत कर, आणि मेमरीच्या आधी. घंटा परत करायला गेलास की रांगेतली शेवटची हाक पुरी होईपर्यंत कर्नल तुला थांबवून धरतो. मग किल्ली खुशाल दे.

तोवर माझा होकार नाही. दुसऱ्या परीक्षकाने दिला तर तो त्याचा अधिकार.

आज जास्त लिहीत नाही. जरा थकवा आहे.

आत्या


१७ ऑक्टोबर

आत्या,

होकार मिळाला! तुमच्या यादीवरच्या त्या दाढीवाल्यांनी दिला. (फोटोत छातीपर्यंत दाढी आहे त्यांची.) घंटेबद्दल त्यांनी लिहिलंय: "तत्त्वतः बरोबर, प्रत्यक्षात घडण्यासारखं नाही." सोमवारी दुपारी ड्रायव्हर आत घेतला जाईल. मुकादम बाईंनी केक सांगून ठेवला आहे.

तू म्हणशील, चिमूटभर बदल होता, करून टाकायचास. पण चिमूटभर बदलला तरी हॉस्पिटलसाठीच्या आमच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात, आणि तोवर दार बंद. एका न घडणाऱ्या गोष्टीसाठी?

मनातलं एक बोलतो, रागावू नकोस. अनोळखी पोराने हाच ड्रायव्हर पाठवला असता तर तू एवढी अडून बसली नसतीस. भाच्याला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील, या भीतीने तू मला उणं माप दिलंस. मला ते लागलं. सगळ्या जगाच्या होकारापेक्षा मला तुझा हवा होता.

तुझी पत्रंही आखडती झाली आहेत. बाबा आजही फोन करून बसले. म्हणाले, घंटा वाजते, वाजते आणि दमते. मैत्रिणीचा नंबर तरी कळव.

भोपळ्या


१९ ऑक्टोबर

भोपळ्या,

मैत्रीणबित्रीण काही नाही. मी हॉस्पिटलात आहे. लगेच उठून पळत सुटू नकोस, आधी पुढचं वाच. पित्ताशयात खडे झाले होते, ते काढले. जखम जरा चिघळली म्हणून मुक्काम वाढला. आता ठणठणीत आहे, दोन दिवसांत घरी सोडतील. कोणाला कळवलं नाही, कारण दादाला कळतं तर तो निम्मं गाव घेऊन आला असता आणि खडे सोडून डॉक्टरांचंच ऑपरेशन करायची पाळी आली असती.

हे झालं किरकोळ. खरी गोष्ट पुढे आहे.

माझ्या खाटेशी तुमच्याच कंपनीचा पंप आहे, जुना. मला चालवायला न्यायचं तर आधी पंपाची वायर काढावी लागते, आणि वायर निघाली की पंप किंचाळतो. शेजारच्या खाटेवर एक आजीबाई आहेत, त्यांचा डोळा मोठ्या मिनतवारीने लागतो. म्हणून इथल्या मोठ्या सिस्टर काय करतात? डाव्या अंगठ्याने पंपाचं आवाज बंद करायचं बटण दाबून धरतात आणि उजव्या हाताने वायर ओढतात. आवाज नाही की काही नाही. आजीबाई घोरत राहतात.

रोज माझ्या नाकासमोर हे चाललं होतं, आणि माझं सगळं लक्ष पलंगाखाली गेलेल्या चपलेकडे. आज दिसलं. मी सिस्टरना थांबवलं. म्हटलं, "हे असं काढायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? नाहीतर सगळा वॉर्ड उठून बसतो."

"सगळ्याच असं काढतात?"

"म्हणजे काय! नवीन मुली पहिल्या दिवशी नाही काढत. दुसऱ्या दिवसापासून काढतात." आणि माझ्याकडे असं बघितलं की औषध डोक्यात गेलं की काय हिच्या.

शहाणा माणूस वायर काढताना बटण दाबत नाही, असं तू लिहिलं होतंस. भोपळ्या, इथे सगळी शहाणीच माणसं आहेत, आणि सगळी दाबतात. तुझ्या नव्या पंपात बटण दाबून धरलं की घंटा वाजतच राहते, हे तुझ्याच ड्रायव्हरमध्ये आहे. म्हणजे वायर निघेल तेव्हा रांगेत एक हाक असणारच. क्वचित नाही. रोज, प्रत्येक खाटेपाशी. (जुन्या पंपाचा ड्रायव्हर काढून पडल्या पडल्या वाचला. त्यात घंटा आधी जाते. आज मला नीट झोप लागेल.)

मापाचं म्हणशील तर माप एकच आहे. तुला ते उणं वाटलं, कारण या वेळी भांडं घरचं होतं. पण तुला लागलं हे वाचून मलाही लागलं, हेही लिहून ठेवते.

यादीवर याबद्दल मी अजून अक्षर लिहिलेलं नाही. ड्रायव्हर तुझा, तेव्हा मागे घ्यायचा मानही तुझा. उद्या दुपारी तो आत जायच्या आधी तिथे तुझं पत्र दिसलं नाही, तर माझं दिसेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. अंगठा लावून बघ.

आत्या


२० ऑक्टोबर

आत्या,

सकाळी येताच डावा अंगठा बटणावर ठेवला, दाबून धरला आणि वायर ओढली. पडदा काळा. पहिल्याच फटक्याला. लांबट मित्र म्हणाला, योगायोग असेल. पुन्हा सुरू केला, पुन्हा अंगठा, पुन्हा काळा. त्या काळ्या पडद्यात मला माझं तोंड दिसत होतं, आणि तेवढ्यात एक विचार येऊन गेला की हे टेबल वॉर्डातलं असतं तर सिस्टरला यापलीकडे काय दिसलं असतं.

यादीवर मी लिहिलं: "हा ड्रायव्हर घेऊ नका. तो चुकीचा आहे, आणि चूक मला आधी दाखवून दिली होती." दाढीवाल्यांचं उत्तर लगेच आलं: "माझा होकार मागे. ही सवय मला ठाऊक नव्हती." माणूस सरळ आहे.

मग मुकादम बाईंकडे गेलो. त्या केकच्या दोऱ्या सोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, स्वतः येऊन अंगठा लावला, वायर ओढली, काळ्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथे झालं, वॉर्डात नाही झालं. कापा केक." फाईल मात्र पुढचं दार उघडेपर्यंत तशीच पडून राहणार. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दुपारीच घंटा मेमरीच्या वर उचलून आणली, आणि अंगठा लावून वायर ओढत बसलो. पडदा लख्ख. चाचण्या आता सावकाश होतील.

हे झालं माझं. आता तुझं परीक्षण, तेही खालून वर.

दूधवाल्याची गोष्ट मला कोणी सांगितली? स्वतः घर बंद करून, कोणाला न सांगता पोटावर सुरी फिरवून घ्यायला गेलीस, आणि बाबा रिकाम्या घरात घंटा वाजवत बसले! तुझी पत्रं आखडली म्हणून मी इथे फुरंगटून बसलो होतो, आणि तू तिकडे नळ्या लावून माझा ड्रायव्हर वाचत होतीस. काही झालं असतं तर आमची हाक कोणाच्या दारात जाऊन उभी राहिली असती, आत्या? नापास. सपशेल नापास. दुसरा परीक्षक शोधलास तरी होकार मिळणार नाही.

बाबांना सांगितलं. एकेका हॉस्पिटलला फोन लावून त्यांनी तुला शोधून काढलं. आता आई आणि ते गाडीत बसलेत, संध्याकाळपर्यंत पोचतील. मोठ्या सिस्टरना आधीच कल्पना देऊन ठेव.

तुझाच,
भोपळ्या


२ नोव्हेंबर

भोपळ्या,

घरी आले. वहिनी आठवडाभर राहून गेली, जाताना स्वयंपाकघर असं लावून गेली की मला स्वतःचा चमचा सापडत नाही.

दादा वॉर्डात आला तो दारापासून ओरडतच. आजीबाई दचकून उठल्या. मोठ्या सिस्टरनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं, कारण त्याला आवाज बंद करायचं बटण नाही. परत आला तो चवड्यांवर चालत. खुर्ची ओढून बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू उचलत नाहीस म्हटल्यावर मी घंटा मोजत बसायचो." एवढंच. मला रडू आलं. टाके दुखतात म्हणून रडते आहे असं सांगितलं, पण त्याने काही ते मानलं नाही. तुझं परीक्षण बरोबर आहे. दुरुस्ती केली आहे, खाली दिसेल.

तुझा ड्रायव्हर काल पुन्हा वाचला, खालून वर. घंटा आधी, मग मेमरी, मग वीज. मधे कुठेही नकार आला तरी पाऊल बरोबर मागे पडतं. कुठे नख खुपसायला जागा आहे का म्हणून दोनदा शोधलं. नाही. यादीवर माझा होकार लिहिला आहे. तिथे दोनच शब्द आहेत, "तपासलं, मान्य." इथे जास्त लिहायला हरकत नाही: होकार मिळालेली गोष्ट स्वतः परत मागणारे लोक या धंद्यात मी फार थोडे पाहिले, आणि त्यातला एक आमचा भोपळ्या आहे. फाईल पुढच्या दाराला हलेल. नाही हलली तर मुकादम बाईंना माझं पत्र जाईल, खवचट बाईचं.

एक दुरुस्ती राहिली. ड्रायव्हरखाली, चूक कोणी दाखवली त्या ओळीत, तू माझं नाव घातलं आहेस. ते खोड. मी बोलत होते, दाखवलं कोणी दुसऱ्यानेच. तिथे मोठ्या सिस्टरचं नाव घाल. टाके काढायला गेले तेव्हा त्यांना विचारून आले. त्या म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं बटण तर दाबलं." मी म्हटलं, तेच हवं होतं. घाला म्हणाल्या, पण शुद्ध लिहा.

फोन आता उशाशी असतो. हा बघ, वाजला. रविवार आहे, म्हणजे दादाच. संगणक बाजूला ठेवते. आधी घंटा.

आत्या